शिवेपर्यंत खांदा

“मिळून आला नाही,” कोर्टातला कारकून म्हणाला आणि वॉरंटचा कागद परत फाईलीला लावला.

“कोण मिळून आला नाही?” मी मुद्दामच विचारलं.

“तुमचे मिस्टर, बाई. विलास सोनू मांडवकर. पोलिसांचा शेरा आहे. सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही.”

“तो काय हरवलाय होय, मिळून यायला? लपलाय तो. लपलेल्याला हुडकावं लागतं.”

कारकून हसला नाही. माझ्यामागे अजून बायका उभ्या होत्या, कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात पिशवी. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून पुढची तारीख सांगितली. “यात वॉरंट बजावून आलं तर आलं. नाही आलं तर मग मे महिन्याची सुट्टी. पुढची तारीख जूनअखेर धरा.”

“जूनअखेर चालणार नाही मला.”

“मला चालतंय असं मी कुठं म्हटलं?” तो म्हणाला, आणि पुढचं नाव पुकारलं.

माझ्या पदराला धरून तेजल उभी होती. नऊ वर्षांची. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. तिचे कान लहानपणापासून वाहायचे. आधी आम्ही लसणीचं तेल केलं, मग सरकारी दवाखान्यातले थेंब. त्या थंडीत कानाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, की आतलं हाड सडायला लागलंय. पावसाळा लागायच्या आत कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन करा, नाहीतर पोरगी बहिरी होईल. त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला तो माझ्या वर्षभराच्या मजुरीपेक्षा मोठा होता. मी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. बियांच्या तेलानं बोटं काळी पडतात, ती काळी बोटं बघून दुकानदारही उधार देताना विचार करतो. मंगळसूत्राचं सोनं तर पहिल्या काही तारखांतच वकिलाच्या फीमध्ये गेलं होतं. भावाकडून जेवढं घेण्यासारखं होतं तेवढं घेऊन झालं होतं.

आता कुणी म्हणेल, पोटगीचा हुकूम झाला होता ना? झाला होता की. विलास मुंबईला टेम्पो चालवायचा, तिथे त्याने दुसरं बिऱ्हाड केलं. मी पोरीला घेऊन माहेरी आले, अर्ज केला, आणि दोन वर्षांनी साहेबांनी हुकूम दिला, की बापाने मुलीसाठी दर महिन्याला एवढे पैसे द्यावेत. मी त्या दिवशी कोर्टासमोरच्या गाडीवरून पेढे घेतले होते. वेडी! हुकूम झाला म्हणजे पैसे आले असं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. हुकूम वेगळा आणि वसुली वेगळी. वसुलीला वेगळा अर्ज, मग वॉरंट, मग पोलीस जाणार, मग शेरा, मग पुन्हा वॉरंट. मुंबईचा पत्ता दिला की तोवर त्याने खोली बदललेली असायची. गावाला माणूस पाठवला की सासू दारातच सांगायची, विलास येत नाही गं इकडं. असं करत सहावं वर्ष लागलं होतं. एक मात्र झालं. मी पूर्वी नवऱ्याचं नाव घ्यायला लाजायची. कोर्टात दर तारखेला घेऊन घेऊन ती लाज कुठच्या कुठे गेली.

बाहेर चहाच्या टपरीवर भुवड हवालदार बशीत चहा ओतत होते. आमच्या भागातली वॉरंटं तेच घेऊन जायचे. माणूस वाईट नव्हता, पण रिटायर व्हायला आलेला आणि गुडघ्यानं बेजार. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“भुवडदादा, तो सदर इसम कधी मिळून येईल ते सांगू?”

“सांग, बाय.”

“शिमग्याला.”

त्यांनी बशी खाली ठेवली. “शिमग्याला मी रजेवर असतो. माझ्या दारात पण पालखी येते ना.”

“तुमच्याकडे कधी येते?”

“पंचमीला.”

“हातखोलात मांडवकरवाडीला पालखी तृतीयेला असते. माझ्या सासऱ्याच्या आज्यापासून तेच चालत आलंय. कोर्टाची तारीख चतुर्थीची आहे. तृतीयेला त्याला धरा, चतुर्थीला साहेबांसमोर उभा करा, आणि पंचमीला तुम्ही आपल्या दारात खांद्याला.”

“अगं पण वॉरंट आहे डोक्यावर. येईल कशाला तो?”

“दादा, तो बापाच्या तेराव्याला आला नव्हता, पण त्याच साली शिमग्याला आला. पालखी अंगणात आणि घरचा पुरुष खांद्याला नाही, असं झालं तर वाडी वर्षभर नाव काढते. तुम्ही कोकणातलेच ना? मी काय सांगायचं तुम्हाला?”

भुवडांनी टकलावरून हात फिरवला. मग तेजलच्या कानातल्या कापसाकडे बघून म्हणाले, “पोरीला नको आणू तिकडं.”

“तिचीच तर केस आहे,” मी म्हटलं.

तृतीयेला आम्ही तिघं पहिल्या एस.टी.ने फाट्यावर उतरलो. तिथून हातखोल चालत. भुवड पूर्ण गणवेशात, गुडघ्यावर हात ठेवून चढ चढत होते. मी सहा वर्षांनी त्या वाटेला जात होते. काजूला मोहोर होता, पायवाट झाडून घेतलेली होती, घराघरांतून मुंबईकरांचे आवाज येत होते. 

वाडीच्या तोंडाशी आलो आणि ढोल ऐकू आला. तेजल थांबली.

“आई, पालखी आली!” ती म्हणाली आणि वरच्या सड्याकडे, डोंगरमाथ्याकडे, हात केला.

“तिकडून नाही गं. नदीकडून येते ती.”

“डोंगरात आवाज घुमतो,” भुवड म्हणाले. “मोठ्यांनाही कळत नाही.”

मांडवकरांचं अंगण शेणानं सारवून लख्ख केलं होतं. सासू रांगोळी घालत बसली होती. तिने आधी माझे पाय बघितले, मग मान वर करून मला बघितलं, मग माझ्यामागचा खाकी गणवेश बघितला. चिमटीतली रांगोळी तशीच राहिली.

“विलास आला नाय,” ती म्हणाली.

मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. आणि तेवढ्यात आतून आवाज आला, “आये, ओटीचा नारळ खंय ठेवलंस?”

भुवड माझ्याकडे बघून हसले. सासूनं रांगोळीचा डबा बंद केला.

विलास बाहेर आला तो पांढरा सदरा, पांढरा लेंगा, कपाळाला आधीच गुलाल. चांगला भरला होता अंगानं. आम्हाला बघून तो दारातच थबकला. त्याची नजर भुवडांच्या खिशाकडे गेली, कारण भुवडांचा हात खिशाकडे गेला होता. दोघांत एवढंसं अंगण. मला वाटलं, झालं, सुटलो.

पण नेमकी तेव्हाच पालखी अंगणात शिरली. ढोलताशा, शिंग, पोरांचा आरडाओरडा, आणि वाघजाईची रुप्याची मूर्ती हिंदकळत पुढे येत असलेली. भुवडांनी खिशातला हात बाहेर काढला, टोपी काढली, वाकून बूट सोडायला लागले.

“दादा!”

“देव दारात आलाय, बाय. जरा दम धर.”

तेवढा दम विलासला पुरला. तो धावत गेला आणि पालखीच्या दांड्याला खांदा देऊन उभा राहिला.

ज्यांना कोकणातलं ठाऊक नाही त्यांना सांगायला हवं. आमच्या त्या गावात पालखीच्या दांड्याला ज्याचा हात आहे, त्याला कुणी हात लावत नाही. त्याच्याशी भांडण काढायचं नाही, देण्याघेण्याचं बोलायचं नाही, त्याला दांड्याखालून बाहेरही बोलवायचं नाही. बदली माणूस आला की आधीच्याने आपणहून खांदा सोडायचा. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक होतं आणि तरी मी ते विसरले, याचा मला त्या क्षणी इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

पालखी चौरंगावर बसली तरी विलासने दांड्यावरचा हात काढला नाही. सासूने ओटी भरली. ती भरताना त्याच्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, “सोडू नको खांदा.” मी जवळच उभी होते, मला स्पष्ट ऐकू आलं. मग तीच बाई माझ्याकडे वळून न बघता तेजलपाशी गेली, तिच्या हातावर नारळाची कातळी ठेवली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. पोरीला काय कळणार? ती खोबरं खात बसली.

पालखी उठली आणि शेजारच्या घरी गेली. विलास दांड्याखाली. तिथून पुढच्या घरी. विलास दांड्याखालीच. एरवी पालखीला खांदा द्यायला वाडीत चढाओढ असते. मुंबईची पोरं वर्षभर वाट बघतात, दहा पावलं चालायला मिळाली तरी धन्य मानतात. दर अंगणात त्या घरच्या कर्त्याचा मान असतो. विलास बाजूला सरेल तर ना! समोरच्या दांड्याची माणसं बदलत होती, मागच्या दांड्याची बदलत होती, हा आपला तिथेच.

“विलासदादा, आता मला दे की,” एक तरणा पोरगा म्हणाला.

“माझा नवस हाय,” विलास म्हणाला.

पहिल्यापहिल्यानं बायका कौतुकानं बघत होत्या. बघा, मुंबईत राहून पण कसली भक्ती! मग त्यांचं लक्ष मागून अनवाणी, हातात बूट घेऊन लंगडत येणाऱ्या हवालदाराकडे गेलं, आणि माझ्याकडे, आणि कापूस घातलेल्या पोरीकडे. कुजबूज सुरू झाली. मी मान खाली घातली नाही. मी काही चोरी केली नव्हती.

ऊन चढलं. तेजल चालता चालता सारखी माझ्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला जायची. मी तिला माझ्या उजव्या हाताला धरलं की ती सुटून माझ्या डावीकडे यायची. उन्हानं कावली असेल म्हणून मी तिला डोक्यावर पदर धरला, तरी तिचं तेच.

दुपारी एका मोठ्या अंगणात पालखी विसावली. विलास चौरंगाला टेकून, एक हात दांड्यावर, दुसऱ्या हाताने पाणी पीत होता. सदऱ्याचा खांदा गुलालानं आणि घामानं चिकटला होता. भुवड माझ्याशेजारी पायरीवर बसले आणि तळवे चोळायला लागले.

“बाय, शेवटची गाडी पाचला आहे. ती चुकली तर मुक्काम. आणि उद्या दुपारपासून माझी रजा मांडलेली आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? देवाच्या दांड्याखालून मी माणूस ओढणार नाही. माझ्याही घरात पोरंबाळं आहेत.”

“मग शेरा काय मारणार? सदर इसम पालखीखाली मिळून आला?”

ते हसले. मीही हसले, पण मला रडायचं होतं. जूनअखेर म्हणजे पाऊस. डॉक्टर म्हणाले होते पावसाच्या आत. सहा वर्षं माणसांनी तारखा दिल्या त्या मी घेतल्या, आता देवीच्या आडून पण हा माणूस तारीख घ्यायला निघाला होता, आणि वाघजाई गप्प बसून ते बघत होती. मी तिच्याकडे बघून मनात म्हटलं, बाये, तू तरी बाईच ना?

तेव्हा तानूबाबा माझ्याजवळ आले. ते वाडीचे मानकरी. पालखीच्या पुढे हातात वेताची काठी घेऊन चालायचे. पालखी कधी उठवायची, कुठे टेकवायची, सगळं त्यांच्या शब्दावर. मी लग्न होऊन आले तेव्हा माझं गृहप्रवेशाचं गाऱ्हाणं त्यांनीच देवीपुढे घातलं होतं.

“सुगंधा ना गं तू? पोलीस कशाला आणलास सणासुदीचा?”

“बाबा, कोर्टाने पोटगी—”

त्यांनी काठी वर केली. “देण्याघेण्याचं पालखीपुढं बोलायचं नाय. तो कोर्टाचा विषय. दुसरं काय असेल तर सांग.”

 दुसरं काय होतं माझ्यापाशी? तेवढ्यात तेजलने कानातला बोळा काढला. तो ओला झाला होता. मी पिशवीतून कोरडा कापूस काढून तिच्या कानात घातला. तानूबाबा बघत होते.

“पोरीच्या कानाला काय झालंय?”

“हाड सडतंय आतून.”

“औषध?”

“ऑपरेशन सांगितलंय. पावसाच्या आत केलं तर ऐकू येईल. नाहीतर नाही.”

“हां,” ते म्हणाले. “हे बोलायला चालतं.” आणि भुवडांच्या कानाशी काहीतरी विचारून निघून गेले. मला वाटलं, म्हातारा टाळतोय. काठीवाले सगळे सारखेच, गावातले काय नि कोर्टातले काय.

शेवटचं घर झालं तेव्हा ऊन कललं होतं. मांडवकरवाडीची शीव म्हणजे एक कोरडा व्हाळ, उन्हाळ्यात आटलेला ओढा, आणि त्यावरचा लाकडी साकव, छोटा पूल. पलीकडे खालच्या वाडीची माणसं पालखी न्यायला येऊन थांबली होती. रीत अशी, की आमच्या वाडीचा खांदा साकवाच्या अलीकडे संपतो. पलीकडची माणसं इकडे येऊन दांडा घेतात. पण त्याआधी शिवेवर वाडीचं गाऱ्हाणं होतं. वर्षभराचं काय सुखदुःख असेल ते मानकरी देवीला सांगतो, आणि सगळी वाडी हुंकार देते.

ढोल थांबला. तानूबाबांनी नारळ हातात घेतला.

“तानूबाबा,” विलास दांड्याखालूनच म्हणाला, “माझा नवस हाय. मी खालच्या वाडीत पण खांदा देतो. रातच्या मुक्कामापर्यंत.”

पलीकडची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. परक्या वाडीच्या माणसाने त्यांचा खांदा घ्यायचा, असं कधी झालं नव्हतं.

“बघू,” तानूबाबा म्हणाले. “आधी गाऱ्हाणं होऊ दे.”

त्यांनी डोळे मिटले. त्यांचा आवाज म्हातारा असून खणखणीत होता. “बा आये वाघजाये, आज तुझी पालखी या शिवेवर उभी हाय. जी लेकरं पोटासाठी मुंबैला गेली, त्यांना सुखरूप ठेव.”

“व्हय महाराजा!” सगळी वाडी म्हणाली.

“कोंडू मांडवकराच्या घरात आजार हाय, तो दूर कर.”

“व्हय महाराजा!”

असं एकेक घर झालं. कुणाच्या मुलाला नोकरी, कुणाच्या मुलीला स्थळ, कुणाची म्हैस. भुवड पाचच्या गाडीच्या चिंतेनं घड्याळ बघत होते. मी दोन्ही हात जोडून उभी होते, पण माझं लक्ष विलासच्या पायांकडे होतं. ते साकवाच्या दिशेने वळलेले होते.

“आणि आये,” तानूबाबा म्हणाले, “या वाडीची एक लेक आज किती वर्सांनी शिवेवर आलीय. विलासाची लेक. तिचा कान सडतोय. पावसाच्या आत तिला बरी कर. आणि हे जेच्याकडनं व्हायला पाहिजे, तेच्याकडनंच करून घे. तो कुठं बी असू दे, तेला उद्या सकाळी जिथं उभा रहायला पाहिजे तिथं उभा कर.”

“व्हय महाराजा!”

मी डोळे उघडले. तानूबाबांनीही उघडले होते.

“एक आवाज कमी आला,” ते म्हणाले. “दांड्याखालच्या माणसानं आधी म्हणायचं असतं. बाकीचे मागनं.”

 विलासचा खांदा थरथरत होता, एवढा वेळ ओझं घेऊन कुणाचाही थरथरेल. त्याने आईकडे बघितलं. सासू पदर तोंडाला लावून उभी होती, तिने काही खूण केली नाही. मग त्याने तेजलकडे बघितलं. त्या दिवसभरात पहिल्यांदा. तेजल माझा पदर ओढत होती. “काय म्हणाले गं? आई, काय म्हणाले?”

“व्हय महाराजा,” विलास म्हणाला. फार मोठ्यानं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं.

तानूबाबांनी नारळ फोडला. साकवावरून खालच्या वाडीचा एक उंच माणूस आला, विलासच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “सोडा आता खांदा.”

विलासने खांदा सोडला. बाहेर आला तेव्हा तो हात नुसता लोंबत होता. पालखी साकवावर चढली, ढोल पुन्हा सुरू झाला, वाडीची माणसं मागे फिरली. जाताना कुणी त्याच्याशी बोललं नाही. भुवड एका दगडावर बसले. त्यांनी पायांची धूळ झटकली, एकेक बूट घातला, नाडी बांधली, टोपी डोक्यावर ठेवली. तोवर विलास तिथेच उभा होता. पळाला नाही. आता कुठे पळणार?

“विलास सोनू मांडवकर?”

“होय.”

“चला. पाचची गाडी आहे.”

फाट्यावर गाडीची वाट बघत असताना तो माझ्याकडे वळला. “सणाच्या दिवशी असं करायचं होतंस, सुगंधा?”

“बाकीच्या दिवशी तू मिळून येत नाहीस,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला एवढंच विचारलं, पैसे भरता की आत जाता. सहा वर्षं ज्या माणसाकडे पोरीच्या औषधाला पैसे नव्हते, त्याचे पैसे संध्याकाळपर्यंत आले. मुंबईहून कुणाकुणाला फोन झाले, चुलतभाऊ मोटारसायकलवरून आला. सगळी बाकी नाही, पण ऑपरेशनपुरती आली. उरलेल्याचे हप्ते ठरले, त्यातले दोन आले आणि पुन्हा सगळं शांत झालं. भुवड पंचमीला आपल्या दारात खांद्याला होते, असं त्यांनी नंतर सांगितलं.

एप्रिलमध्ये कोल्हापूरला तेजलचं ऑपरेशन झालं. पट्ट्या सुटल्यावर डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं, कानांना यंत्र लावलं आणि आवाज आला की बोट वर कर म्हणून सांगितलं. ती कधी बोट वर करायची, कधी नुसतीच बघत बसायची. मग त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं.

“उजवा कान वाचलाय. त्याला आता काही होणार नाही,” ते म्हणाले. “डावा मात्र आमच्याकडे यायच्या आधीच गेला होता. बरेच महिने झाले असतील. तुमच्या लक्षात आलं नाही कारण ती उजव्यावर भागवत होती. गेल्या वर्षी आणलं असतंत तर—”

माझं तोंड बघून ते थांबले.

“गेल्या वर्षी तारखा चालू होत्या,” मी म्हटलं.

तिथून बाहेर आले आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. शिवेवर रडले नव्हते, कोर्टात रडले नव्हते, ते सगळं तिथे निघालं. मग आठवलं, ती त्या दिवशी सारखी बाजू का बदलत होती ते. मी तिच्या डावीकडे असले की तिला माझं बोलणं ऐकूच येत नव्हतं. विलासचा मला आता फारसा राग येत नाही. तो होता तसाच होता. मला राग येतो तो त्या कागदांचा, जे दर खेपेला “मिळून आला नाही” म्हणत परत यायचे आणि कुणीच मान वर करून बघायचं नाही, की तोवर एका पोरीचा कान जातोय.

तेजल आता पोस्टात नोकरीला आहे. हुशार आहे, बोलायला माझ्यासारखी तिखट. एका कानावर तिचं सगळं चालतं. फक्त आवाज कुठल्या दिशेनं आला ते तिला कळत नाही. डॉक्टर म्हणाले होते, त्याला दोन कान लागतात. माझ्या माहेरच्या गावात मी दोन खोल्या बांधल्या, तिथे आता आमच्या नावानं पालखी येते. शिमग्याला तेजल रजा काढते, पहाटे उठून अंगण सारवते, रांगोळी घालते, आरतीचं ताट घेऊन उंबऱ्यात येते. ढोल वाजायला लागला की ती मान एकदा इकडे करते, एकदा तिकडे करते.

“आई, कुठनं येतेय गं पालखी?”

“देवळाकडून,” मी सांगते आणि हात करून दाखवते. मग ती तिकडे तोंड करून उभी राहते.